एसआरवाय जीन टेस्टचा अनुभव: स्वॅबला दोन मिनिटं, पुढच्या नऊ दिवसांचं कुणी काही सांगत नाही

५ पैकी ३ स्टार. नुसत्या टेस्टला ४ दिले असते, तिच्या भोवतीच्या सर्व्हिसला जेमतेम २, म्हणून ३ लिहितेय. मी मुलींना ४०० आणि ८०० मीटरचं कोचिंग देते, स्वतः बरीच वर्षं ८०० पळलेय, त्यामुळे बायकांच्या गटात कोण पळणार आणि ते कोण ठरवणार हा माझ्यासाठी टीव्हीवरच्या चर्चेचा विषय नाही, रोज सकाळी ट्रॅकवर माझ्यासमोर उभ्या असलेल्या पोरींचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. १ सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड ॲथलेटिक्सने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, नियम लावलाय की वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बायकांच्या गटात उतरायचं असेल तर एसआरवाय जीनची टेस्ट करून यायची, आयुष्यात एकदाच, गालाच्या आतून स्वॅब किंवा रक्त. टोकियोच्या चॅम्पियनशिपपासून लागू झालं. एसआरवाय हा वाय क्रोमोसोमवरचा जीन, १९९० मध्ये सापडला, गर्भात वृषणं बनायची सुरुवात त्याच्यामुळे होते. तो सापडला की पुढची तपासणी, नाही सापडला की बायकांच्या गटात मोकळी. माझी एक मुलगी निवडीच्या संभाव्य यादीत आली तसं तिलाही टेस्ट करून यायला सांगितलं आणि मी सोबत गेले. लॅबचं नाव लिहीत नाही, मला एका लॅबशी भांडायचं नाहीये, आणि इतर कोचेसशी बोलल्यावर कळलं की बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

चांगलं आधी सांगते. सॅम्पल घेणं खरंच सोपं आहे. ओळखपत्र बघितलं, तिला पाण्याने चूळ भरायला लावली, गालाच्या आत कापसाची काडी फिरवली, दोन्ही बाजूंनी, नळीत टाकली, लेबल लावलं, झालं. सुई नाही, कपडे काढणं नाही, कुणाचा हात लागणं नाही. ज्यांना आधीचा इतिहास माहितीये त्यांना याची किंमत कळेल, १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपियन चॅम्पियनशिपला बायकांना डॉक्टरांच्या पॅनलसमोर नग्न उभं केलं होतं, त्या बायका बाई आहेत की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवायला. त्यामानाने काडी फिरवणं म्हणजे काहीच नाही, आणि पोरगी बाहेर आली तेव्हा म्हणाली पण, मॅडम एवढंच होतं होय, मी रात्रभर झोपले नाही.

आता जिथे स्टार कापले ते.

कन्सेंट फॉर्म तीन पानांचा होता. नाव, जन्मतारीख, सॅम्पलचा नंबर, रिपोर्ट कुणाला पाठवायचा, सही. पॉझिटिव्ह आला तर पुढे काय, याबद्दल एक ओळ नाही. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, तसं सहसा होत नाही मॅडम. अरे पण ज्या एकीचं होईल तिचं काय? डॉक्टर कोण भेटणार, तिला फोनवर सांगणार की समोर बसवून, आईवडिलांना कोण सांगणार, तोवर तिचं नाव यादीतून काढलं तर सगळ्यांना कारण कळणार नाही का? त्याला काहीच माहीत नव्हतं आणि त्याचा दोषही नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आत एकही डॉक्टर किंवा समुपदेशक नव्हता. साधी रक्तातली साखर तपासावी तसा सगळा प्रकार.

आणि मग ते नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर ती थांबली, स्पाइक्स काढता काढता मान खाली घालून म्हणाली, मॅडम, माझी पाळी खूप उशिरा सुरू झाली होती, सतरा पूर्ण झाल्यावर. माझ्या पोटात गोळा आला, पण तो तिला दिसू दिला नाही. मी सांगितलं की लहानपणापासून एवढी मेहनत करणाऱ्या मुलींची पाळी उशिरा येणं खूप कॉमन आहे, अंगावर चरबी कमी असते, खाणं पुरत नाही, माझीही उशिराच आली होती. ते खरंच आहे. पण मला हेही माहीत होतं की काही मुलींना पाळी न येण्यावरूनच पहिल्यांदा कळतं की शरीरात काही वेगळं आहे, काहींना तर अशा टेस्टमध्येच कळतं. नऊ दिवस ती हसत होती पण तिचे रिपीट, म्हणजे प्रॅक्टिसमधल्या ठरलेल्या अंतराच्या धावा, सगळे ढासळले, रात्री दोन दोन वाजता मला मेसेज. आणि हे असं सगळं अंगावर आलं ती मुलगी जन्मापासून मुलगीच आहे, तिच्यावर कुणी कधी बोट ठेवलेलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोन ओळींचा मेल, आणि तो आधी ऑफिसला गेला, तिला तिथून कळलं. स्वतःच्या शरीराची गोष्ट तिला तिसऱ्या माणसाकडून कळावी हे मला अजून पटत नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण या टेस्टला लोक सरळ ट्रान्स खेळाडूंची (म्हणजे जन्माने मुलगा धरलेल्या, पण बाई म्हणून जगणाऱ्यांची) टेस्ट म्हणतात आणि तिथेच घोळ आहे.

माझं मत स्पष्ट सांगते, लपवत नाही. मोठ्या पातळीवर बायकांचा गट वेगळा असायलाच हवा आणि ज्यांची तारुण्यातली वाढ पुरुष हार्मोनवर झालीये त्यांनी त्या गटात पळू नये. ८०० चं बघा, पुरुषांचा वर्ल्ड रेकॉर्ड १:४०.९१, बायकांचा १:५३.२८, बारा सेकंदांहून जास्त फरक, आणि बायकांचा तो रेकॉर्ड १९८३ पासून कुणाला मोडता आलेला नाही. धावण्यात साधारण १० ते १२ टक्के, वेटलिफ्टिंगमध्ये त्याहून कितीतरी जास्त. गट वेगळा नसता तर मी एकाही फायनलला पोचले नसते आणि माझी एकही मुलगी पोचणार नाही. हार्मोन कमी केल्यावर सगळं समान होतं असं पूर्वी धरलं जायचं, २०१५ मध्ये ऑलिम्पिक कमिटीची अट होती १२ महिने टेस्टोस्टेरॉन (तेच पुरुष हार्मोन) लिटरमागे १० नॅनोमोलच्या खाली, आणि बायकांमध्ये ते साधारण २ च्या आतच असतं हो. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की हिमोग्लोबिन तीनचार महिन्यांत खाली येतं पण स्नायू वर्षभरात जेमतेम ५ टक्के कमी होतात, उंची, हाडांची लांबी, खांदे तर तसेच राहतात. अमेरिकन एअर फोर्सच्या लोकांवरचा एक अभ्यास २०२१ ला आला, त्यात दोन वर्षांनी पुशअप्समधला फरक गेला होता पण धावण्यात ट्रान्स महिला तरीही १२ टक्के पुढे होत्या. ते सैनिक होते, ट्रॅकचे खेळाडू नव्हते, हे मान्य, ट्रान्स खेळाडूंवरचा अभ्यास अजून खूप थोडा आहे. पण आज टेस्टोस्टेरॉन किती आहे एवढंच बघून भागत नाही, आधीच्या दहा वर्षांत त्याने शरीर घडवलंय, एवढं मला पटलंय.

पण म्हणून ट्रान्स खेळाडू फसवायला येतात हे मी कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. न्यूझीलंडची ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिम्पिकला गेली, त्या वेळच्या नियमाप्रमाणे गेली, ४३ वर्षांची, स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फेल झाले आणि ती परत आली, आणि तेवढ्यावर जगभरातून तिला काय काय ऐकावं लागलं. अमेरिकेची ट्रान्स स्विमर लिया थॉमस २०२२ मध्ये कॉलेजच्या चॅम्पियनशिपला ५०० यार्ड फ्रीस्टाइल जिंकली तेव्हा शेजारच्या लेनमधल्या मुलींना अन्याय वाटला, ते मला पूर्ण समजतं, मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं. पण लिया नियम मोडून पाण्यात उतरली नव्हती. नियम करणाऱ्यांनी वेळेत नियम केला नाही आणि राग मात्र पोरींनी एकमेकींवर काढायचा, हे बरोबर नाही.

आणि ही गोष्ट मला सगळ्यांना कळायला हवीये. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्सने पुरुषांची तारुण्यावस्था पार केलेल्या ट्रान्स महिलांना बंदी घातली तेव्हा तिचे अध्यक्ष सेबॅस्टियन को स्वतःच म्हणाले होते की आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्समध्ये सध्या एकही ट्रान्स खेळाडू नाही. मग या टेस्टमध्ये सापडणार कोण? त्या मुली, ज्या मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणून वाढल्या आणि ज्यांना आत काही वेगळं असल्याचं माहीतच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं.

हे आधी घडून गेलंय. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ मध्ये जपानमध्ये कोबेच्या युनिव्हर्सिएडला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेला, गेली, आधीच्या टेस्टचं सर्टिफिकेट घरी विसरली म्हणून पुन्हा टेस्ट, आणि त्यात एक्सवाय क्रोमोसोम, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तसे, निघाले. तिला दुखापतीचं नाटक करायला लावलं. पुढे गोष्ट पेपरात फुटली, स्कॉलरशिप गेली, लग्न ठरलेला मुलगा गेला. आणि तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता, म्हणजे ज्या फायद्यासाठी तिला काढलं तो तिला कधी मिळालाच नव्हता. १९८८ मध्ये परत घेतलं, तोवर ऐन उमेदीची वर्षं गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३,३८७ बायकांची टेस्ट झाली, ८ पॉझिटिव्ह आल्या आणि आठही जणींना शेवटी खेळू दिलं. त्यानंतर १९९९ मध्ये ऑलिम्पिक कमिटीने ही सरसकट टेस्ट बंदच केली होती. आपल्या तमिळनाडूची शांती सौंदरराजन, तिचं २००६ च्या दोहा एशियन गेम्समधलं ८०० मीटरचं सिल्व्हर अशाच तपासणीनंतर परत घेतलं, आणि तिची सगळ्यात खाजगी गोष्ट बातम्यांत आली. मीही ८०० वालीच, त्यामुळे ते वाचलं तेव्हा बरेच दिवस मनातून गेलं नाही.

आताच्या नियमात टेस्टोस्टेरॉनचा परिणामच न होणाऱ्या खेळाडूंना सूट आहे, ते चांगलं झालं, म्हणून टेस्टला ४ म्हणाले. पण ते सिद्ध करायला आधी पॉझिटिव्ह रिपोर्ट, मग स्कॅन, मग मोठे डॉक्टर, आणि हे सगळं एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीने करायचं जिच्याकडे धड बुटांना पैसे नाहीत. आणि टेस्ट अचूक आहे म्हणतात तीही सॅम्पल नीट हाताळलं तरच. एसआरवाय शोधणारे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला विरोध केलाय, त्यांचं म्हणणं की जीन आहे एवढ्यावरून शरीर कसं चालतं ते कळत नाही, आणि लॅबमधल्या पुरुष टेक्निशियनची एखादी त्वचेची पेशी जरी सॅम्पलमध्ये पडली तरी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. आमचं सॅम्पल घेणारा मुलगा होता, ग्लोव्हज होते पण मास्क हनुवटीवर. हे मी तेव्हा वाचलेलं नव्हतं नाहीतर तिथेच थांबवलं असतं. फ्रान्समध्ये तर कायद्यानेच अशी जीन टेस्ट करता येत नाही, तिथल्या मुलींना टोकियोसाठी देशाबाहेर जाऊन करावी लागली.

अजून एक. शाळेच्या किंवा क्लबच्या पातळीवर हे आणू नका, कळकळीने सांगते. मला आताच एका पालकाने विचारलं की अमुक मुलीची करून घ्या ना, तिचे खांदे बघा. तेरा वर्षांची आहे ती. गोळाफेक करते, खांदे असणारच. एकदा हे सुरू झालं की प्रत्येक उंच, सपाट छातीच्या, आखूड केसांच्या मुलीकडे लोक असंच बघणार, आणि आधीच मुली चौदा पंधराव्या वर्षी खेळ सोडतात. त्या वयात एखादी ट्रान्स मुलगी मैत्रिणींसोबत पळायला आली तर तिलाही पळू द्यावं, तिथे पदकापेक्षा मैदानावर येणं मोठं आहे. ओपन गट, म्हणजे कुणीही उतरावं असा वेगळा गट, हा उपाय सांगतात, पण २०२३ मध्ये बर्लिनच्या स्विमिंग वर्ल्ड कपला ओपन गट ठेवला होता आणि एकही एंट्री आली नाही. एकट्याने वेगळ्या लेनमध्ये, सगळं जग बघत असताना, कोण येईल?

ज्या कोचेसना मुली घेऊन जायचंय त्यांच्यासाठी: आधी फोन करून विचारा की सॅम्पल बाई घेणार का, आणि मास्क, ग्लोव्हजचा आग्रह धरा. पॉझिटिव्ह आला तर नवीन सॅम्पलवर पुन्हा टेस्ट करणार का हे लिहून घ्या. रिपोर्ट आधी मुलीला, मग बाकीच्यांना, हे फॉर्मवर हाताने लिहून सही करा, आम्हाला नंतर कळलं की तसं मागितलं तर करतात. स्पर्धेच्या अगदी आधी करू नका, हातात महिनाभर तरी ठेवा. आणि जायच्या आदल्या दिवशी मुलीशी बसून बोला, पाळीबद्दल, शरीराबद्दल, पॉझिटिव्ह आला तरी ती जी आहे तीच राहणार आहे याबद्दल. हे मी केलं नव्हतं, रिपोर्ट आल्यावर केलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मुलीची आहे, तीही ४०० वाली. यावेळी ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ सोबत येणार आहेत, रिपोर्टच्या दिवशी त्या तिच्या घरी असतील, काहीही आलं तरी. लॅबने फॉर्म बदलला असेल तर इथे येऊन स्टार वाढवेन.