सोलापुरातल्या विद्यार्थी सहाय्य सेवा: एक शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर

प्रवेशापासून उन्हाळी परीक्षेपर्यंत शिष्यवृत्ती, ई-ग्रंथालय, समुपदेशन, तक्रार निवारण या सेवा सलग वापरल्या की एक गोष्ट पक्की कळते. सेवा भरपूर आहेत, बहुतेक मोफत आहेत, आणि त्यांतली जवळपास प्रत्येक सेवा एखाद्या कागदावर अडते. मार्कांमुळे मदत हुकलेली मुलं कमी. दाखला उशिरा निघाला, नावात एक अक्षर चुकलं, बँकेचं खातं बंद पडलं, यामुळे हुकलेली जास्त. घरात कॉलेजला जाणारं पहिलंच मूल असेल, आई विड्या वळत असेल, वडील यंत्रमागावर असतील, तर हे कागद कसे जुळवायचे ते सांगणारंही घरी कोणी नसतं. म्हणून हा अनुभव तपशिलात लिहिला आहे.

महाडीबीटी: सगळ्यात मोठी मदत, सगळ्यात जास्त अडचणी

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचं संकेतस्थळ. इथे उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो आर्थिक वर्षाचा असतो. म्हणजे १ एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढता येतो. जुलैत प्रवेशाच्या गर्दीत सगळेच सेतूवर धावतात, त्यामुळे मे महिन्यातच अर्ज टाकावा. रेशनकार्ड, आधार, तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि स्वयंघोषणापत्र बरोबर ठेवावं. तीन वर्षांचा दाखला मिळत असेल तर तोच घ्यावा, पुढचं नूतनीकरण सोपं जातं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. निकालानंतर केलेला अर्ज प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हाती येईलच असं नाही.

खरी अडचण नावांची. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पुष्कळ. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव 'नरसय्या' की 'नर्सय्या', 'मल्लप्पा' की 'मल्लिनाथ', हे दहावीच्या गुणपत्रिकेत एक, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरं असतं. माणसाला ते एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही. इथे दहावीचं प्रमाणपत्र आधार धरावं आणि बाकी सगळं त्याप्रमाणे दुरुस्त करावं. उलटं करायला गेलं तर शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. आधारातली दुरुस्ती त्या मानाने लवकर होते. आधारला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, कारण प्रत्येक टप्प्यावर ओटीपी त्याच नंबरवर येतो. वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर पहिल्याच पानावर गाडी थांबते.

आता बँक. अर्ज मंजूर झाला, पण पैसे आले नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. ते फक्त केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळखपडताळणी. सरकारी पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारला जी बँक जोडलेली असेल तिथेच पडतात. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. मोबाइल अ‍ॅपवरून एखादं नवीन खातं उघडताना 'सरकारी अनुदान याच खात्यात हवं' या चौकटीवर खूण केली, की नोंद तिकडे वळते. जुन्या पासबुकात मग काही दिसत नाही. मायआधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावं. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असं दिसलं पाहिजे. हे अर्ज भरण्याआधी एकदा आणि मंजुरीनंतर पुन्हा एकदा तपासावं.

खात्याचा प्रकारही बघावा. शाळेत असताना पालकांच्या सहीने उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी मागतं, नाही दिली तर व्यवहार थांबतात. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल, तर त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण जमा १ लाखाच्या वर चालत नाही. सरकारी अनुदान जमा होताना शिल्लकीची मर्यादा लागू नसते, तरी अशा खात्यात अडचण येऊ शकते. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घेणं एवढाच यावर उपाय आहे.

अर्ज भरल्यावर तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी असेल तर विद्यार्थ्याकडे परत येतो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. एसएमएसवर विसंबू नये, दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघावी. परत येण्याची नेहमीची कारणं अशी: मधल्या वर्षाच्या खंडाचं प्रमाणपत्र नाही, शुल्काच्या पावतीवरचा आकडा आणि भरलेला आकडा वेगळा, मागच्या वर्षाची गुणपत्रिका अर्धवट, स्कॅन अस्पष्ट. फाइल २५६ केबीच्या आत बसवताना अक्षरं पुसट होऊ देऊ नयेत. दाखल्यावरचा बारकोड वाचता आला पाहिजे.

मर्यादा लक्षात ठेवाव्यात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांपर्यंत चालतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाखांपर्यंत, आणि ती कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, खानावळ यांचा त्यात समावेश नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश यात बसत नाही. 'सगळं फुकट' असं समजून बजेट आखलं तर पहिल्याच सत्रात ओढाताण होते.

विडी कामगारांच्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती

सोलापुरात तर ही योजना घराघरात माहीत असायला हवी. केंद्रीय कामगार मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती महाडीबीटीवर नसून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, आणि तिथेच बरेच जण चुकतात. पदवी, आयटीआय, पॉलिटेक्निकला वर्षाला ६,००० रुपये आणि व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये. आई किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं आणि किमान सहा महिने काम झालेलं असावं लागतं. आईच्या कार्डावरचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर ते आधी जुळवून घ्यावं. एकदाच करायची नोंदणी आधी, मग अर्ज. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम सोपवलेल्या व्यक्तीने, पडताळणी केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून अर्ज भरल्याची प्रिंट त्यांच्या हातात नेऊन द्यावी.

ई-ग्रंथालय

सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची सेवा हीच. अनुदानित महाविद्यालयांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून ई-पुस्तकं आणि शोधपत्रिका मिळतात. वापरकर्ता क्रमांक ग्रंथपाल देतात, मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. राज्य विद्यापीठांना १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेखाली तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या आवारात शिकणाऱ्यांनी घरून वापरण्यासाठी विद्यापीठाचा ईमेल आयडी वेळीच सुरू करून घ्यावा. प्रबंधाची मांडणी कशी करायची ते पाहायला शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह पुरेसा आहे.

परीक्षेतल्या सवलती आणि मनाचा आधार

४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही. लेखनिक स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पदवीधर मित्र आणला तर केंद्रावर अडवतात. अर्ज परीक्षा फॉर्मबरोबरच द्यावा, आदल्या दिवशी नाही.

मानसिक ताणासाठी टेलीमानस ही सरकारी फोन सेवा, नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत. कॉलेजचं समुपदेशन केंद्र आठवड्यातून काही तासच उघडं असतं आणि तिथे ओळखीचं कोणी बघेल या संकोचाने मुलं जात नाहीत. फोनवर ती भीती राहत नाही. निकालाच्या दिवसांत हा नंबर वर्गाच्या ग्रुपवर टाकून ठेवावा.

तक्रार निवारण समिती

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत ही समिती असते. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ३० दिवसांत निर्णय देणं अपेक्षित आहे. तोंडी तक्रारीला काही अर्थ राहत नाही. लेखी द्यावी, आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच घ्यावी, सोबत पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. एका अर्जात एकच विषय ठेवावा. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, हे ठामपणे पण शांतपणे सांगता आलं पाहिजे.

'ऑनर सोसायटी'ची निमंत्रणं

हल्ली चांगले गुण मिळवणाऱ्यांना 'आपली आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटीसाठी निवड झाली, अमुक डॉलर भरा' असे ईमेल येतात. ऑनर सोसायटी म्हणजे वरचे गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना सदस्य करून घेणारी मानाची संस्था. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. फाय बीटा कॅपा १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली, फाय कॅपा फाय १८९७ साली मेन विद्यापीठात. फाय कॅपा फाय पदवीच्या तिसऱ्या वर्षातले वरचे ७.५ टक्के आणि शेवटच्या वर्षातले वरचे १० टक्के विद्यार्थी घेते. म्हणजे खरं निमंत्रण तुमच्याच विद्यापीठातल्या शाखेकडून येतं आणि ते तुमच्या वर्गातल्या क्रमांकावर ठरतं. सदस्यत्वाचं शुल्क खऱ्या संस्थाही घेतात, त्यामुळे फक्त पैसे मागितले म्हणून ती खोटी ठरत नाही. तपासायचं ते हे: आपल्या विद्यापीठात तिची शाखा आहे का, निवडीचा टक्का जाहीर आहे का, आणि ती १९२५ पासून चालत आलेल्या असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीजची सदस्य आहे का. फाय बीटा कॅपासारख्या काही नामवंत संस्था त्या संघटनेबाहेर आहेत, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना जास्त वजन द्यावं. एम.एस.साठी अमेरिकेत गेल्यावर विभागातून असं पत्र आलं तर अभिमानाने स्वीकारावं. सोलापुरात बसून अनोळखी पत्त्यावरून आलं तर पैसे भरू नयेत. त्यापेक्षा आविष्कार संशोधन स्पर्धेतला सहभाग, गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र, किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) दोन वर्षांतले २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर अर्जात जास्त उपयोगी पडतं. एनएसएसचं प्रमाणपत्र मात्र तासांची नोंदवही पूर्ण असेल तरच मिळतं, त्यामुळे प्रत्येक उपक्रमानंतर त्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही घ्यावी.