आरएच-५३डी सी स्टॅलियनचं १/७२ मॉडेल किट: पार्ट्स झकास, माहितीपत्रक चुकीचं

ऑपरेशन ईगल क्लॉ, म्हणजे १९८० मध्ये इराणमधल्या अमेरिकन ओलिसांना सोडवायची अमेरिकेची फसलेली मोहीम, त्यातलं हेलिकॉप्टर बनवायचं होतं म्हणून हे किट घेतलं. मोल्डिंग एक नंबर आहे, पाती आणि शेपूट दुमडलेली दाखवायला वेगळे पार्ट्स दिलेत, म्हणजे निमिट्झ ह्या विमानवाहू जहाजाच्या हँगरमध्ये उभं होतं तसं करता येतं. पात्याच्या बुडाशी प्रेशरचा छोटासा इंडिकेटर असतो तोसुद्धा कोरलाय, ते बघून फार बरं वाटलं कारण मोहिमेतलं पहिलं हेलिकॉप्टर गेलं ते ह्याच भानगडीत. पात्याच्या आत नायट्रोजन भरलेला असतो, प्रेशर उतरलं की कॉकपिटमध्ये लाइट लागतो, मग पात्याला तडा गेला असेल म्हणून ६ नंबरचं हेलिकॉप्टर इराणच्या वाळवंटात उतरवून तिथंच सोडून दिलं.

रंगाच्या बाबतीत मात्र निराशा. गाइडमध्ये फक्त नेव्हीचा करडा रंग आणि मोठ्या अक्षरांची डेकल्स (चिकटवायची चिन्हं) आहेत. मोहिमेवर गेलेली ८ हेलिकॉप्टरं वाळूच्या रंगाची होती, कुठलंही चिन्ह नाही, त्यामुळे डेकल्स बाजूला ठेवा आणि रंग स्वतः मिसळा. नाकाजवळ फट राहते, पुट्टी लागणारच.

खरा राग आला तो माहितीपत्रकाचा. एका ओळीत लिहिलंय की धुळीच्या वादळात हेलिकॉप्टर कोसळलं आणि मोहीम फसली. असं झालेलंच नाही! तेहरानच्या दूतावासातल्या ओलिसांना सोडवायला २४ एप्रिल १९८० च्या रात्री ८ निघाली, पुढे जायला किमान ६ लागणार होती. ५ नंबरची उपकरणं धुळीत बिघडली आणि ते मागे फिरलं, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की पुढे डेझर्ट वनला, म्हणजे इराणच्या वाळवंटात इंधन घ्यायला ठरलेल्या जागी, हवा स्वच्छ होती पण रेडिओ बंद ठेवायचा हुकूम असल्यामुळे त्या पायलटला ते कोणी सांगितलंच नाही, कळलं असतं तर तो पुढे गेला असता. मग डेझर्ट वनला पोचलेल्या ६ पैकी २ नंबरचा हायड्रॉलिक पंप गेलेला निघाला. उरली ५. तिथंच मोहीम रद्द झाली, राष्ट्राध्यक्ष कार्टरनी होकार दिला. टक्कर झाली ती ह्यानंतर, परत निघायच्या गडबडीत, इंधन घेऊन आलेल्या ईसी-१३० विमानावर एक हेलिकॉप्टर धुळीच्या लोटात आदळलं आणि ८ जण जळून गेले. ५ एअर फोर्सचे, ३ मरीन. बाकीची हेलिकॉप्टरं तिथंच टाकून सगळे विमानांनी निघाले. ज्या किटच्या खोक्यावर ह्याच मोहिमेचं चित्र छापून विकताय त्यात ह्या माणसांबद्दल एवढं तरी नीट लिहा ना.

पाचपैकी साडेतीन स्टार, कापलेला अर्धा पत्रकाचा आणि एक डेकल्सचा. आधी दोनचार किट केली असतील तरच घ्या, लँडिंग गिअरचे पार्ट्स फार नाजूक आहेत, स्प्रूवरून (पार्ट्स जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) कापतानाच तुटतात.