शॅडो की स्पायडर?

जुन्या अमेरिकन पल्प मासिकांत (स्वस्त कागदावरची कथामासिकं) शिरायचंय, पण सुरुवात कुणापासून, हे एका मित्राचं ठरत नाहीये. शॅडो आणि स्पायडर हे दोन्ही नायक न्यूयॉर्कचे, दोघेही गुंडांचे कर्दनकाळ, किंमतही तेव्हा दहाच सेंट.

‘शॅडो’ स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनाचा. १९३१ ते १९४९, ३२५ अंक. लेखक म्हणून मॅक्सवेल ग्रँट हे टोपणनाव, पण बहुतेक लेखन वॉल्टर गिब्सनचं. गिब्सन स्वतः जादूगार, त्यामुळे कथेतही हातचलाखी: तुमचं लक्ष एकीकडे, खरा डाव भलतीकडे. गुंता शेवटी नीट सुटतो.

पॉप्युलर पब्लिकेशन्सच्या ‘स्पायडर’चे ११८ अंक, १९३३ ते १९४३. तर्काच्या नावानं बोंब! पण लेखक नॉर्व्हेल पेजचा वेग असा की हरकत घ्यायला सवड मिळत नाही. नायक रिचर्ड वेंटवर्थ मेलेल्या गुंडाच्या कपाळावर सिगारेट लायटरमध्ये दडवलेल्या शिक्क्यानं लाल कोळी उमटवतो. त्याचा हिंदुस्थानी सेवक राम सिंग मात्र आपल्याला जरा खटकतोच.

टिकाऊपणात दोघंही सारखेच रडके. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद, कडांचा भुगा होतो. वाचायला पुनर्मुद्रणंच घ्या.

कोडी आवडत असतील तर शॅडो. रात्रीच्या प्रवासात झोप उडवायची असेल तर स्पायडर.