मागच्या डाव्या इंडिकेटरचं दुखणं: दुरुस्तीनंतरचे 8 महिने आणि एक पावसाळा

यंदाच्या फेब्रुवारीत मी माझ्या गाडीच्या इंडिकेटरचं दुखणं मुळापासून काढलं. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि मधे कोकणातला अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे काय टिकलं आणि काय टिकलं नाही, हे आता खात्रीने लिहिता येईल. ज्यांना दोनदा रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा, टिकटिक करणारा छोटा डबा) बदलूनही इंडिकेटर छळतोय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय.

गाडी 2011 ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, 2019 मध्ये सेकंडहँड घेतलेली. चिपळूणहून गुहागर रस्त्याला मार्गताम्हाण्याच्या पुढे माझी शाळा आहे. रोजचं जाणं-येणं. वळणांचा रस्ता, वर पावसाळ्यात धुकं आणि अंधार. अशा रस्त्यावर मागच्याला साइड दिसली नाही तर काय होतं, ते मी नोव्हेंबरात अनुभवलं. संध्याकाळी डावीकडे वळत होते आणि एक मोटरसायकल आरशाला घासून थांबली. माझाच जुना विद्यार्थी निघाला. घाबरून म्हणाला, "बाई, मागचा साइड लाइट लागतच नाहीये तुमचा, मी आत घुसणार होतो." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

डावीकडची टिकटिक दुप्पट वेगाने व्हायची, हे तेव्हापर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ सरळ आहे. माझ्या गाडीत एका बाजूला पुढे 21 वॅटचा, मागे 21 वॅटचा आणि पुढच्या दाराजवळ 5 वॅटचा बल्ब, मिळून 47 वॅट. 12 व्होल्टवर म्हणजे साधारण 4 अँपिअर. फ्लॅशर रिले हा करंट मोजत असतो. एक मोठा बल्ब बंद झाला की करंट जवळपास निम्मा होतो आणि रिले मुद्दाम जोरात टिकटिक करून आपल्याला सांगतो. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणं हा ठीक वेग. माझा दीडशेच्या वर जात होता.

म्हणजे जलद टिकटिक हे बहुतेक वेळा रिले चांगला असल्याचं लक्षण. तरीही गॅरेजमध्ये पहिला बदलला गेला तो रिलेच. 300 रुपये गेले आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. मग मागचा बल्ब बदलला, तो आठवडाभर चालला. मला राग पैशांचा नव्हता. गाडीच्या मागे कुणी वाकून, होल्डर बाहेर काढून बघितलंच नाही, याचा होता.

खरी खूण मला घरीच सापडली. दिवसा डावीकडचा इंडिकेटर व्यवस्थित चालायचा, रात्री हेडलाइट लावले की टिकटिक जलद व्हायची. एका रात्री फाटक उघडायला यांना उतरवलं आणि मी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. इंडिकेटर बंद, तरी डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाण मंद उजळलेला. पाय काढला, विझला. पुन्हा दाबला, पुन्हा उजळला. ब्रेकचा आणि इंडिकेटरच्या बाणाचा संबंध काय?

संबंध अर्थिंगचा. मागच्या एका दिव्यात टेल (हेडलाइटसोबत मागे लागणारा लाल दिवा), ब्रेक आणि इंडिकेटर या तिन्ही बल्बांची परतीची वायर एकच असते. ती पत्र्याला जिथे बोल्टने घट्ट केलेली असते तिथे गंज चढला की करंटला परतायला वाट मिळत नाही. मग तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो. ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून पुढच्या इंडिकेटरकडे आणि डॅशबोर्डच्या बाणाकडे जातो आणि तिथून अर्थ गाठतो. म्हणून बाण उजळतो. इंडिकेटरचा करंटही दिवसा असाच टेलच्या बल्बमधून वाट काढतो; टेल लाइट चालू असले की ती एक आडवाटही बंद होते, इंडिकेटरला पुरेसा करंट मिळत नाही, आणि रिलेला वाटतं बल्ब गेला.

हे कळल्यावर मी 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) घेतला, दोन्ही मिळून साडेपाचशे रुपये. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला (वायर लांब लागते, मी एक जोडून घेतली), लाल पिन मागच्या होल्डरच्या अर्थच्या पट्टीला. इंडिकेटर चालू असताना आकडा नाचतो, म्हणून मी ब्रेक दाबून मोजलं. एक काठी सीट आणि पेडलच्या मधे अडकवली. अर्थ चांगला असेल तर 0.1 व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. मला 2.6 दिसले. उजव्या बाजूला 0.05.

खात्रीसाठी शेवटची परीक्षा: होल्डरच्या अर्थपासून एक सुटी वायर डिकीच्या कडीच्या उघड्या बोल्टला नुसती टेकवली. टिकटिक त्याच क्षणी संथ झाली. वायर उचलली की पुन्हा जलद. तो आवाज बदलताना ऐकला तेव्हा तीन महिन्यांचं ओझं उतरलं.

डिकीचं डावीकडचं अस्तर काढल्यावर अर्थचा बोल्ट दिसला. 10 च्या पान्याने सोडवला तर लगखाली (तारेच्या टोकाची धातूची कडी) तांबूस भुगा, आणि तांब्याच्या तारांवर हिरवा कळंक पार इन्सुलेशनच्या आत गेलेला. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं. गाडी उतारावर उभी होती, पुढचा भाग वाचला, डिकीत मात्र पाणी आलं होतं. तेव्हा गालिचे वाळवले, सीट धुतल्या, अस्तराच्या मागे कुणी बघितलं नाही. चिपळूणमध्ये त्या पुरातल्या कितीतरी गाड्या अजून फिरताहेत. त्यांच्या मालकांनी हा बोल्ट एकदा उघडून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

काम असं केलं: कळंक आलेला तारेचा तुकडा कापून टाकला, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेले. नवा लग दाबून बसवला, वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी). पत्रा काचपेपरने घासून पांढरा केला, बोल्ट नवा लावला, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा लेप. होल्डरमधली पितळी पट्टीही काळी पडली होती, ती घासली आणि किंचित वर उचलली म्हणजे बल्बला दाबून बसेल. मीटरवर 0.04.

होल्डर काढल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या दिव्याची काच पांढरी आहे, त्यामुळे बल्ब नारिंगी लागतो. नारिंगी बल्बच्या दोन खुंट्या समोरासमोर नसतात, थोड्या एका बाजूला असतात, म्हणजे चुकीचा बल्ब बसू नये. कुणीतरी आधी साधा बल्ब जोर लावून त्यात घुसवला होता आणि खाच वाकवली होती. म्हणून बदललेला बल्बही आठवडाभरात सैल झाला. खाच चिमट्याने सरळ केली. दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या आणि खुंट्या जुळवून बघा.

मधे एप्रिलमध्ये एलईडी बल्ब लावून पाहिले, कारण प्रकाश जास्त असं ऐकलं होतं. एलईडी इतका कमी करंट घेतो की रिलेला पुन्हा बल्ब गेल्यासारखंच वाटतं. दुकानदाराने सोबत रेझिस्टर दिले, म्हणजे जास्तीचा करंट खाऊन रिलेला बल्ब असल्याचं भासवणारे तुकडे. ते प्लॅस्टिकच्या अस्तराला टेकतील इतकी जागा कमी, आणि पाच मिनिटं पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकतात ते) चालू ठेवल्यावर हात लावता येईना इतके तापले. त्याच संध्याकाळी काढून टाकले. लावायचेच असतील तर एलईडीसाठीचा रिले घ्या, पण मग बल्ब गेल्याची सूचना बहुधा मिळणार नाही. माझ्यासाठी ती सूचना जास्त मोलाची आहे. पन्नास रुपयांचा साधा बल्ब पुन्हा बसवला.

पावसाळ्याचा हिशेब: जून ते सप्टेंबर अर्थिंगपायी डावा इंडिकेटर एकदाही चुकला नाही. जुलैत काचेच्या आत थेंब दिसले. दिव्याचं रबर एका कोपऱ्यात दुमडलं होतं, नीट बसवल्यावर थांबलं. दर महिन्याच्या एक तारखेला शाळेच्या भिंतीला गाडीची पाठ करून आरशात दोन्ही बाजू बघते, दोन मिनिटांचं काम. सप्टेंबरच्या एक तारखेला मीटर लावला, 0.06.

ऑगस्टमध्ये मात्र वेगळंच घडलं. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर पूर्ण बंद, टिकटिकसुद्धा नाही, पण पार्किंग लाइटचं बटण दाबलं की चारही दिवे छान लुकलुकायचे. म्हणजे रिले, बल्ब, अर्थ सगळं ठीक. फ्यूज बघितला, चांगला होता. माझ्या गाडीत इंडिकेटरचा पुरवठा पार्किंगच्या बटणाच्या आतल्या संपर्कांतून जातो, आणि ते बटण महिनोन् महिने कुणी दाबत नाही, म्हणून ते संपर्क खराब होतात. वीसेक वेळा दाबलं-सोडलं आणि इंडिकेटर सुरू झाले. तेव्हापासून दोनदा पुन्हा बंद पडले, दोन्ही वेळा याच उपायाने चालले. हा उपाय कायमचा नाही. नवं बटण आणून ठेवलंय, दिवाळीच्या सुट्टीत बसवणार आहे. तोवर निघण्याआधी रोज सकाळी ते चार-पाच वेळा दाबते आणि दोन्ही बाजूंची टिकटिक ऐकूनच गाडी फाटकाबाहेर काढते.