परमिट रूममध्ये फुटबॉल: टीव्ही की प्रोजेक्टर, हॉल की गच्ची?

फुटबॉल दाखवायचं ठरलं की बहुतेक मालक आधी पडद्याची किंमत विचारतात. आधी बघायचं ते घड्याळ. इंग्लिश प्रीमियर लीगचा शनिवारी तिथल्या साडेबाराला होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६ ला लागतो आणि तीनचा ८:३० ला. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली की तेच सामने ५ आणि ७:३० ला येतात. हे धंद्याच्या वेळेत बसतात. तिथला साडेपाचचा सामना मात्र हिवाळ्यात रात्री ११ ला सुरू होतो. चॅम्पियन्स लीगचे रात्रीचे मुख्य सामने १:३० ला, उन्हाळी वेळेत १२:३० ला. विश्वचषक २०२६ चा कार्यक्रम (११ जून ते १९ जुलै) अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या घड्याळावर बेतलेला: न्यूयॉर्कचे दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे ९:३०, तिथले ३ म्हणजे आपले १२:३०. अंतिम सामनाही तिथल्या तीनचाच.

तेव्हा परवान्यावरची बंद करायची वेळ समोर ठेवून सामन्यांची यादी करा. छत्रपती संभाजीनगरात पोलीस आयुक्तालय आहे. लातूर, नांदेड, जालना, परभणीला जिल्हा पोलीस अधीक्षक. आयुक्तालयाच्या हद्दीतली वेळ आणि बाहेरची वेळ वेगळी असू शकते, म्हणून संभाजीनगरातल्या ओळखीच्या हॉटेलची वेळ आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नका. यादीत महिन्याला चार-पाचच सामने बसत असतील, तर तेवढ्यासाठी प्रोजेक्टर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरगुती डिश की व्यावसायिक जोडणी

इथे निवड अशी नाहीच. घरगुती जोडणी घरासाठी. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी सिग्नल वापरणारा ग्राहक ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांत व्यावसायिक ग्राहक म्हणून वेगळा धरलेला आहे. मोबाइल अॅपची वर्गणीही वैयक्तिक वापरापुरती असते. स्वतःच्या फोनवरून हॉटेलच्या टीव्हीवर सामना टाकला तर पैसे भरलेले असूनही तो अटींचा भंग ठरतो. केबलवाल्याकडून किंवा डिश कंपनीकडून हॉटेलच्या नावाचं बिल घ्या आणि त्यावर पत्ता व टीव्हींची संख्या लिहून घ्या. एका बॉक्सवर चार टीव्ही चालवायचे असतील तर तेही लेखी विचारा.

प्रवेशासाठी पैसे घेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार परवानगीशिवाय पैसे आकारून लोकांना प्रसारण दाखवणं हा प्रसारकाच्या हक्काचा भंग आहे. ‘पाचशेचं कूपन, त्यात चखणा फ्री’ हाही वादाचाच विषय होतो. नेहमीच्या मेनूवर नेहमीच्या दराने विक्री करा. हाफटाइमला गाणी लावणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा लागतो.

डिश आणि इंटरनेट यांत आम्ही डिश किंवा केबल निवडू. अॅपवरचं चित्र डिशच्या मागे चालतं, अर्धा मिनिटही मागे पडतं. शेजारच्या पानटपरीवर कोणी ‘गोल’ ओरडलं की आपल्या हॉलमधली मजा गेली. डिशचा दोष पावसात दिसतो. वळवाच्या किंवा मृगाच्या जोरदार सरीत सिग्नल तुटतो आणि सर ओसरल्यावरच येतो. म्हणून जूनमधल्या सामन्यांना केबल जास्त भरवशाची.

टीव्ही की प्रोजेक्टर

चेंडू नीट दिसायचा तर शेवटची खुर्ची चित्राच्या उंचीच्या साधारण सहापटीच्या आत हवी. ६५ इंची टीव्हीचं चित्र ८१ सेंटिमीटर उंच, म्हणजे १६ फुटांपर्यंत ठीक. १२० इंची पडद्याची उंची १४९ सेंटिमीटर, म्हणजे २९ फुटांपर्यंत. आकड्यांत प्रोजेक्टर जिंकतो. पण तो उजेडात हरतो. मराठवाड्यात संध्याकाळी ५ वाजता खिडकीतून येणारं ऊन ३,००० ल्युमेनचं चित्र फिकं पाडतं. अंधार करावा तर वेटरला ग्लास दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला पायरी. शिवाय इथली धूळ: जाळी तुंबली की यंत्र तापतं आणि सामन्याच्या मध्येच बंद पडतं. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज क्षणभर जरी गेली, तरी तो गार होऊन पुन्हा पेटेपर्यंत काही मिनिटं जातात. तेवढ्यात पेनल्टी होऊन जाते.

३० फुटी हॉलसाठी आमची शिफारस दोन ६५ इंची टीव्हींची: एक समोर, दुसरा मधल्या खांबावर किंवा बाजूच्या भिंतीवर. एक बिघडला तरी दुसरा चालतो. खालची कड जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा, म्हणजे पुढे बसलेल्या माणसाचं डोकं आड येत नाही. प्लायवूडच्या पार्टिशनला टीव्ही टांगू नका, काँक्रीट किंवा भरीव विटेत अँकर बोल्ट मारा. एचडीएमआयची साधी तांब्याची वायर दहा मीटरच्या पुढे नेली की चित्रात ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो. लांब अंतराला फायबरची एचडीएमआय घ्या.

हॉल की गच्ची

गच्चीवर वारा असतो, माणसं जास्त मावतात, म्हणून मोह होतो. तरी आम्ही हॉलच म्हणू, आणि कारणं तीन.

पहिलं, दारू फक्त राज्य उत्पादन शुल्क विभागाने मंजूर केलेल्या नकाशातल्या जागेत देता येते. गच्ची नकाशात नसेल तर तिथला एक ग्लासही परवान्याच्या अटींचा भंग. दुसरं, ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. व्यापारी भागात रात्रीची मर्यादा ५५ डेसिबल, रहिवासी भागात ४५. बंद हॉलमध्ये खिडक्या लावून मध्यम आवाज ठेवता येतो.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. कित्येक जण स्वच्छतागृहात गुदमरले. ताडपत्री, बांबू, शेडनेट, सजावटीचं कापड हे सगळं पेटायला वेळ घेत नाही. गच्चीला जिना एकच असेल तर प्रश्नच मिटला.

हॉलमध्येही माणसं मोजूनच घ्या. दीड चौरस मीटरला एक माणूस धरला तर ९० चौरस मीटरच्या हॉलमध्ये ६०. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि सामना चालू असताना कडी-कुलूप नाही. मागच्या दारासमोर बिअरचे क्रेट रचलेले असतात, ते सामन्याआधी हलवा. अग्निशमन यंत्रणेचं ‘ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून मिळतं. ते दर्शनी भागात लावा.

इन्व्हर्टर की जनरेटर

दोन टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार मिळून साधारण ४०० वॉट. १५० एएचच्या एका बॅटरीवर हे अडीच-तीन तास निघतं. सामना दोन तासांचा. जादा वेळ आणि पेनल्टी धरून पावणेतीन. म्हणजे एका बॅटरीवर काठावरच, ती जुनी असेल तर नाही. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाताच बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं खातो. एसी-पंखे चालवायचे तर जनरेटर, पण तो बाहेर, खिडकीपासून दूर. जिन्याखाली ठेवला तर धूर हॉलमध्ये भरतो. एकात एक एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. टीव्हीसाठी वेगळी लाइन आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) द्या.

वयाचा पुरावा दारातच बघा: बिअर-वाइनला २१, बाकीच्या दारूला २५. टेबलावर पैजा लागताना दिसल्या तर लगेच थांबवा, कारण जुगारबंदी कायद्यात जागा देणाऱ्यालाही जबाबदार धरतात. बाद फेरीच्या सामन्याआधी काउंटर आणि टीव्ही किती वाजता बंद होणार ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि ऑर्डर घेतानाही सांगा. ९:३० चा सामना जादा वेळेत गेला तर सव्वाबारा वाजतात, आणि १-१ असताना न सांगता बंद केलेल्या टीव्हीवरून भांडण पेटायला वेळ लागत नाही.