परदेशातील उपचार: मालकाचा विमा, सरकारी व्यवस्था की आंतरराष्ट्रीय पॉलिसी?

गोव्यातल्या फोंडा, डिचोली किंवा पेडण्यातून नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबासमोर बहुधा आखात किंवा ब्रिटन असे दोन पर्याय असतात, आणि आजारपणाचा खर्च कोण उचलतो याचे उत्तर या दोन ठिकाणी इतके वेगळे आहे की शेजाऱ्याने घेतलेली पॉलिसी आपल्यालाही चालेल, हे गृहीत धरू नये.

ब्रिटनचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर २०२० अखेरपर्यंत तेथे स्थायिक झालेल्यांची गोष्ट निराळी. आता व्हिसा काढून जाणाऱ्याला आरोग्य अधिभार, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, आधीच, संपूर्ण व्हिसाच्या मुदतीसाठी भरावा लागतो. प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड या दराने, दोन मुलांच्या कुटुंबाचे तीन वर्षांचे १०,८६६ पौंड होतात. परिचारिका आणि तत्सम कर्मचारी आरोग्य व्हिसावर जात असतील, तर त्यांना ही रक्कम माफ आहे. त्यानंतर सरकारी व्यवस्थेत डॉक्टर व रुग्णालय यांचे शुल्क लागत नाही; इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवरील प्रत्येक औषधासाठी ठरावीक रक्कम आणि दातांच्या उपचारांचे पैसे मात्र द्यावे लागतात. खासगी विमा असला तरी अधिभार चुकत नाही. त्यामुळे येथे आंतरराष्ट्रीय पॉलिसी, म्हणजे अनेक देशांत चालणारा स्वतःचा आरोग्य विमा, घेणे म्हणजे त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजणे, असे माझे मत आहे. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठीची लांब प्रतीक्षा टाळायची असेल, तर स्थानिक खासगी विम्याचा विचार करता येईल.

दुबईत प्रश्न गुंतागुंतीचा होतो. २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्याचा विमा उतरवणे मालकावर बंधनकारक केले असले, तरी पत्नी आणि मुलांच्या विम्याची जबाबदारी त्यांना प्रायोजित करणाऱ्यावर, म्हणजे बहुतेकदा आपल्यावरच येते. कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या मूलभूत योजनेची वार्षिक मर्यादा १,५०,००० दिरहॅम आहे, आणि बाह्यरुग्ण तपासणीच्या खर्चात रुग्णालाही वाटा उचलावा लागतो. परंतु खरी मेख वेगळीच आहे: हा विमा नोकरीशी बांधलेला असतो. पंचेचाळिशीत मधुमेह जडलेला असताना नोकरी गेली, तर नव्या विमा कंपनीसमोर तो मधुमेह जुना आजार ठरतो. स्वतःच्या नावावरची आंतरराष्ट्रीय पॉलिसी, जी नोकरी बदलली किंवा देश बदलला तरी चालू ठेवता येते, तिची खरी किंमत येथेच कळते.

तिचा हप्ता ठरतो तो प्रामुख्याने वय, आधी स्वतः सोसायची रक्कम आणि कोणत्या देशांत उपचार घेता येतील यांवर. अमेरिका वगळली की हप्ता बराच उतरतो. गोमंतकीयाने मात्र या देशांच्या यादीत भारत समाविष्ट आहे ना, हे आधी पाहावे. कारण शस्त्रक्रिया पुढे ढकलता येण्यासारखी असेल, तर ती मडगावला आपल्या माणसांत करून घेण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. प्रसूतीसाठी सहसा दहा ते बारा महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो, तेव्हा गरोदर राहिल्यावर पॉलिसी शोधण्यात अर्थ नाही. तातडीच्या वैद्यकीय वाहतुकीच्या कलमाबद्दलही गैरसमज फार आढळतो: हे कलम साधारणपणे जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत नेण्याचे असते, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत (गोमेकॉ) आणून सोडण्याचे नव्हे.

मागे राहिलेल्या आईवडिलांना गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा आधार असतो. तिची मर्यादा लहान कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपये आहे. तिचा उपयोग परदेशात मात्र होत नाही. ते नातवंडांना भेटायला इंग्लंडला गेले आणि तेथे दाखल करावे लागले, तर पर्यटक म्हणून त्यांच्याकडून मूळ दराच्या दीडपट आकारणी होते, आणि मुलाने भरलेला अधिभार त्यांना लागू पडत नाही. त्यांचा प्रवास विमा तिकिटाबरोबरच, जुने आजार अर्जात स्पष्ट नोंदवून काढलेला असावा.