टेबल पीजीअ‍ॅडमिनमधून की स्क्रिप्टमधून?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्याचा आणि त्याच्या चाटी गल्लीतील दुकानाचा साठा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर नोंदवायचा ठरला, की टेबले, व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) आणि इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) पीजीअ‍ॅडमिन या त्याच्या खिडक्या-बटणांच्या साधनात माऊसने तयार करावेत की त्यांच्या आज्ञा स्वतः फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहाव्यात, हे आधी ठरवावे लागते.

नवख्याला पीजीअ‍ॅडमिन सोयीचे आहे. 'टेबल्स'वर उजवी क्लिक करून 'क्रिएट' निवडले की कॉलमचे प्रकार यादीतून घेता येतात आणि आधीपासून काय आहे तेही डावीकडे दिसते. फॉरिन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारे बंधन) घालताना तिच्या कॉलमवर इंडेक्स बनवण्याचा पर्यायही तिथेच असतो. पोस्टग्रेएसक्यूएल तो इंडेक्स आपोआप बनवत नाही, आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत तो आपोआप मिळत असल्यामुळे तिकडून आलेला माणूस स्क्रिप्ट लिहिताना इथे हमखास चुकतो.

मात्र नावांच्या बाबतीत पीजीअ‍ॅडमिन गोत्यात आणते. टेबलाच्या नावात कॅपिटल अक्षर दिले, तर ते अवतरणचिन्हांत घालून जसेच्या तसे साठवले जाते. पुढे क्वेरीत तेच नाव अवतरणाशिवाय लिहिले, की पोस्टग्रेएसक्यूएल त्याची सगळी अक्षरे लहान करून शोधते आणि असे टेबलच नाही म्हणते. समोर दिसणारे टेबल सापडत का नाही, या कोड्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. नावे सुरुवातीपासून लहान अक्षरांतच द्यावीत.

स्क्रिप्टचे महत्त्व दुसरा सर्व्हर आला की कळते. चाचणीच्या संगणकावर माऊसने केलेले पंधरा बदल कारखान्याच्या सर्व्हरवर त्याच क्रमाने आठवणे अवघड असते, तर फाइल जशीच्या तशी पुन्हा चालवता येते. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबल बनवणे वा बदलणेही ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटात) बसते, त्यामुळे मध्येच चूक झाली तर सगळेच मागे घेता येते. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा लगेच कायम होते. चालू टेबलावर लिहिणे न अडवता 'कॉन्करंटली' इंडेक्स बनवायचा असेल, तर ती आज्ञा मात्र ट्रान्झॅक्शनबाहेर ठेवावी लागते. कोणती फाइल कुठे चालली, याची नोंद फ्लायवेसारखे साधन डेटाबेसमध्येच ठेवते.

एकट्याने एकाच संगणकावर काम असेल, तर पीजीअ‍ॅडमिन पुरे. चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळा असेल, तर मी स्क्रिप्टच निवडेन. आज्ञा पाठ नसतील त्याने पीजीअ‍ॅडमिनमध्ये माहिती भरून 'सेव्ह' करण्याआधी 'एसक्यूएल' टॅबमधला मजकूर आपल्या फाइलमध्ये उतरवावा आणि दोन्हीकडे ती फाइलच चालवावी.